ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइल? लष्करी ट्रकच्या तेलाची भानगड (एपिसोड वाचण्यासाठी)

ज्यांचं नेटवर्क बोगद्यात गेलं आणि एपिसोड अर्धवट राहिला त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं त्यांच्यासाठीही, हा लिखित मजकूर. बोलताना झालेलं 'अं... म्हणजे...' काढून टाकलंय, दोन ठिकाणी आकडे अडखळत बोललो होतो ते नीट केलेत. बाकी जसं बोललो तसंच.

तर गोष्ट सुरू होते सकाळी साडेसातच्या एका कॉलपासून. माझा मावसभाऊ अमेरिकेत मिनेसोटात राहतो. त्याने तिथल्या लष्कराने निकालात काढलेला एक ट्रक लिलावात घेतलाय. एम९२३ए२. पाच टनी, सहा चाकं, सहाही चाकांना ताकद जाते, उंची अशी की ड्रायव्हरच्या सीटवर चढायला पायरी लागते. का घेतला ते मला विचारू नका. मावशीनेही विचारून बघितलंय.

कॉलवर पहिलंच वाक्य : "अरे, फसवलं रे मला!"

झालं असं होतं की त्याने गिअरबॉक्सची डिपस्टिक काढून बघितली. हा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे, अ‍ॅलिसन कंपनीचा एमटी६५४सीआर, पाच गिअरचा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये लालभडक तेल असतं हे त्याला माहीत होतं. आणि डिपस्टिकवर आलं काळपट तपकिरी तेल, वासही इंजिन ऑइलचा. त्याचा निष्कर्ष असा की आधीच्या कुणीतरी वेड्याने गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइल ओतलंय. लाल तेलाच्या बादल्या त्याने आणूनही ठेवल्या होत्या. प्लॅन काय, तर खालचा नट उघडायचा, निघेल तेवढं काढायचं आणि वरून लाल ओतायचं. मी म्हटलं, "थांब. एक दिवस थांब. मला जरा वाचू दे."

मी मेकॅनिक नाही, कोड लिहितो. पण एखादी सिस्टिम विचित्र वागत असेल तर आधी डॉक्युमेंटेशन वाचावं एवढी सवय बीटेकने लावलीय. लष्करी ट्रकचं एक बरं असतं, प्रत्येक गाडीचं टेक्निकल मॅन्युअल असतं आणि कुठल्या भागात, कुठल्या तापमानाला, कुठलं वंगण घालायचं याचा तक्ता असतो. लष्करी भाषेत त्याला ल्युब्रिकेशन ऑर्डर म्हणतात. 'सल्ला' नाही हां, ऑर्डर! त्या तक्त्यांमध्ये 'ओई/एचडीओ' असं दिसलं की ते इंजिन ऑइल, 'जीओ' म्हणजे गिअर ऑइल, 'ओईए' म्हणजे बर्फाळ प्रदेशाचं इंजिन ऑइल.

आणि गंमत अशी की अमेरिकन लष्कराच्या कितीतरी ट्रकांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी त्या तक्त्यात 'ओई/एचडीओ'च लिहिलेलं असतं. म्हणजे माझ्या भावाला कुणी फसवलं नव्हतं. इंजिन ऑइल लष्करानेच घातलं होतं, ठरवून.

का घातलं? विचार करा. तुम्ही एका तुकडीचे सामान-अधिकारी आहात. तुमच्याकडे ट्रक आहेत, चिलखती गाड्या आहेत, जनरेटर आहेत. प्रत्येकाच्या इंजिनाला एक, गिअरबॉक्सला दुसरं, हायड्रॉलिक्सला तिसरं तेल लागत असेल तर वाळवंटात किती प्रकारचे ड्रम वाहून न्याल? आणि रात्री टॉर्चच्या उजेडात एखाद्या दमलेल्या पोराने चुकीचा ड्रम उघडला तर? म्हणून लष्कराने उलटा विचार केला. गाडीप्रमाणे तेल निवडायचं नाही, जवळपास सगळीकडे चालेल असं एकच तेल बनवून घ्यायचं. त्या तेलाच्या नियमावलीचं नाव मिल-पीआरएफ-२१०४. पुढे तर अमेरिकन लष्कराच्या टार्डेक या संशोधन केंद्राने आणखी एक पाऊल टाकलं. थंडीपासून वाळवंटापर्यंत, इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत एकच पातळ सिंथेटिक तेल, ०डब्ल्यू-२० ग्रेडचं.

इथपर्यंत ऐकून भाऊ खूश. म्हणाला, "मग सोपंय. दुकानातून १५डब्ल्यू-४० आणतो आणि तेच भरतो."

नाही ना राव. खरी भानगड इथेच आहे.

१५डब्ल्यू-४० हा आकडा फक्त तेलाचा घट्टपणा सांगतो. थंडीत किती घट्ट होईल ते १५डब्ल्यू, आणि १०० अंश सेल्सिअसला किती पातळ होईल ते ४०. बस. त्या तेलात कुठली रसायनं आहेत आणि ते कुठल्या कामासाठी तपासलंय, याबद्दल हा आकडा एक अक्षर बोलत नाही. चपलेच्या नंबरासारखं आहे हे. नऊ नंबरची कोल्हापुरीही असते आणि नऊ नंबरचा गमबूटही असतो. पायात दोन्ही बसतात, पण चिखलात काय घालायचं ते नंबर सांगत नाही.

बाइकवाल्यांना हे पटकन कळेल. आपल्या गिअरच्या बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. म्हणून बाइकच्या ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं बघायचं असतं. तोच ग्रेड बघून कारचं तेल घातलं, तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे क्लच घसरू शकतो. इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही. ग्रेड तोच, तेल वेगळं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत असेच तेलात बुडालेले क्लच असतात, एकावर एक रचलेल्या चकत्यांचे. गिअर बदलताना तेलाचा दाब त्या चकत्या एकमेकींवर आवळतो. म्हणजे बघा, एकाच तेलाला दोन उलट कामं आहेत. गिअरच्या दातांवर त्याने निसरडं राहायचं आणि क्लचच्या चकत्यांवर पकड सोडायची नाही. हा तोल तेलातल्या रसायनांनी साधला जातो, घट्टपणाने नाही.

लष्कराच्या ड्रममधलं १५डब्ल्यू-४० पास व्हायला इंजिनाच्या चाचण्यांबरोबर क्लचच्या घर्षणाच्या चाचण्याही द्याव्या लागतात. सुपरमार्केटच्या शेल्फवरच्या १५डब्ल्यू-४० वर तशी सक्ती नाही. त्याच्यासाठी एपीआयचा इंजिनाचा दर्जा पुरतो. काही कंपन्यांच्या डब्यांवर मागच्या बाजूला 'अ‍ॅलिसन सी-४' असा उल्लेख असतो. त्याचा अर्थ, ते तेल गिअरबॉक्सच्या कसोटीचंही आहे. सी-४ हा अ‍ॅलिसनचा जुना मापदंड. तो असेल तर निदान बोलणी सुरू करता येतात. नसेल तर ते तेल फक्त इंजिनाचं, विषय संपला.

बरं, समजा सी-४ वालं मिळालं. तरी भावाचा एक प्रश्न उरतोच, आणि तो लष्कराचा नाही, मिनेसोटाचा आहे. थंडी! अ‍ॅलिसनच्या तक्त्यात प्रत्येक तेलापुढे एक किमान तापमान दिलेलं असतं. हवा त्यापेक्षा थंड असेल तर गिअरबॉक्स आधी गरम करायचा, मगच गिअर टाकायचा. १५डब्ल्यू-४० साठी ती रेषा उणे १५ अंशांवर आहे. सरळ ३० ग्रेडच्या तेलासाठी तर शून्यावरच. लाल एटीएफपैकी टीईएस-३८९ मापदंडाच्या तेलाला उणे २५ पर्यंत मुभा, आणि टीईएस-२९५ या सिंथेटिक मापदंडाला उणे ३५ पर्यंत. गरम करायची काहीच सोय नसेल तर इंजिन न्यूट्रलमध्ये निदान वीस मिनिटं चालू ठेवा, असं कंपनी सांगते.

मिनेसोटात जानेवारीत उणे १५ म्हणजे काही बातमी नाही. पुण्यात आपण दहा अंशांना मफलर काढतो, ते सोडा.

म्हणजे निष्कर्ष गमतीदार निघाला. लाल तेल घालायचं हे भावाने ठरवलं होतं ते बरोबरच होतं, फक्त कारण चुकीचं होतं आणि पद्धत त्याहून चुकीची. लष्कराचं इंजिन ऑइल लष्करासाठी योग्य होतं, कारण त्यांचा प्रश्न ड्रमांचा होता. याच्याकडे एकच ट्रक, एकच गॅरेज आणि भरपूर बर्फ. याला एटीएफच बरं.

पद्धतीचं सांगतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा खालचा नट उघडला की चेंबरमधलं तेल निघतं, टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमधलं आतच राहतं. म्हणजे एकदा काढून लाल भरलं तरी आत खिचडीच. लगेच काही फुटत नाही, पण क्लचला कुठल्या तेलावर पकड धरायची तेच कळत नाही. गिअर बदलताना थरथर, कधी उशिरा लागणं, आणि हळूहळू चकत्या जळणं. म्हणून टप्प्याटप्प्याने करायचं. काढा, फिल्टर बदला, नवीन भरा, थोडे दिवस चालवा, पुन्हा काढा, पुन्हा भरा. आणि पातळी बघताना मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसंच, तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून. जास्त भरलं तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, आणि फेसाने दाब धरत नाही. 'थोडं जास्त असू दे' हा आपला लाडका नियम इथे चालत नाही.

आता ज्यांना मॅन्युअल गिअरबॉक्स आवडतात त्यांच्यासाठी. (हा भाग रेकॉर्ड करताना मी जास्त वेळ घेतला, कारण मला यातच जास्त मजा आली.)

अमेरिकन लष्कराचा सगळ्यात प्रसिद्ध जुना ट्रक म्हणजे एम३५, अडीच टनी. लाडाचं नाव 'ड्यूस अँड अ हाफ'. १९५० च्या सुमारास सुरू झालेली ही मालिका कित्येक दशकं चालली. त्यातल्या एम३५ए२ ला बहुइंधनी इंजिन आणि पाच गिअरचा स्पायसर मॅन्युअल गिअरबॉक्स. इथेही लष्कराचा हिशोब तोच. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, तिन्ही अ‍ॅक्सल, सगळीकडे 'जीओ ८०/९०'. एक ड्रम, पाच जागा.

आणि इथेच जीएल-४ विरुद्ध जीएल-५ हा वाद येतो. आपल्या गॅरेजमध्ये गिअर ऑइलला '९० नंबर' म्हणतात. डब्यावर मोठ्या अक्षरात 'ईपी ९०' असतं आणि बारीक अक्षरात जीएल-४ किंवा जीएल-५. ते बारीक अक्षर वाचायची सवय लावा.

ईपी म्हणजे प्रचंड दाब सहन करणारं. डिफरन्शियलमध्ये बऱ्याचदा हायपॉइड प्रकारचे गिअर असतात. त्यांचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. तिथे साध्या तेलाचा थर फाटतो. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. घर्षणाने जागा तापली की ती पोलादाशी संयोग पावून पातळ थर बनवतात. मग दाताऐवजी तो थर झिजतो. जीएल-५ मध्ये ही रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट.

पण मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर रिंग असतात, पितळ किंवा ब्राँझच्या. म्हणजे तांबं आलं. आणि गंधकाला तांबं फार आवडतं. (देवघरातली तांब्याची भांडी काळी कशी पडतात ते आठवा. तिथेही हवेतल्या गंधकाचा हात असतो.) तेल तांब्याला किती त्रास देतं हे बघायची एक साधी चाचणी आहे. घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी गरम तेलात बुडवायची आणि किती काळवंडली त्यावरून १ ते ४ गुण द्यायचे. जीएल-५ साठी ही चाचणी १२१ अंशांना तीन तास करतात. इंजिनिअरिंगमध्ये इतकी सुंदर आणि इतकी स्वस्त चाचणी मी क्वचित बघितलीय.

इंटरनेटवर वाचलंत तर 'जीएल-५ ने पितळ खाऊन टाकलं' अशा भयकथा मिळतील. माझं मत विचाराल तर भीती थोडी फुगवलेली आहे. आजच्या बऱ्याच जीएल-५ तेलांमध्ये गंधकाला आवर घालणारी रसायनंही असतात, आणि हळू चालणाऱ्या ट्रकचा गिअरबॉक्स रोज १२१ अंशांना जात नाही. पण दुसरं कारण मला जास्त पटतं, घर्षण. सिंक्रोनायझरचं काम म्हणजे शंकूसारख्या भागावर चावून दोन गिअरचा वेग सारखा करणं. तेल फारच निसरडं असेल तर रिंगला चावाच घेता येत नाही. मग गिअर बदलताना खर्रर्र. म्हणून गिअरबॉक्समध्ये जीएल-४ आणि अ‍ॅक्सलमध्ये जीएल-५, असं दोन डब्यांचं धोरण मला योग्य वाटतं. तुमच्याकडे एकच ट्रक आहे, दोन डबे परवडतात.

आपल्याकडच्या जुन्या डिस्पोजलच्या गाड्यांनाही हे लागू आहे. जोंगा असो की जुनी जीप, सिंक्रो असलेला जुना मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर 'नव्वद नंबर टाक' एवढं सांगून घरी जाऊ नका.

एक प्रश्न मेसेजमध्ये बरेचदा येतो : गिअरबॉक्समध्ये '९०' आणि इंजिनात '४०', म्हणजे गिअर ऑइल दुपटीहून घट्ट का? नाही. दोन्ही मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. १०० अंशांना ४० ग्रेडचं इंजिन ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असतं आणि ९० ग्रेडचं गिअर ऑइल १३.५ ते १८.५. बघा, बराचसा भाग एकमेकांवर चढतो. ५० ग्रेडचं इंजिन ऑइल १६.३ ते २१.९, म्हणजे '९०' च्याही वर जाऊ शकतं. त्यामुळे काही अवजड ट्रकांच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला ५० ग्रेडचं तेल चालतं हे ऐकून दचकू नका.

इंजिनाचं त्यामानाने सोपं आहे. भावाच्या ट्रकमधलं कमिन्स ६सीटीए८.३ असो किंवा एम३५ए२ चं बहुइंधनी, डिझेलचं चांगलं १५डब्ल्यू-४०, एपीआय सीके-४ दर्जाचं, बास. सीके-४ २०१६ च्या शेवटी आलं आणि ते जुन्या दर्जांच्या जागी चालतं. त्याच्याबरोबर आलेलं एफए-४ मात्र उचलू नका. ते पातळ आहे, नव्या इंजिनांसाठी आहे आणि जुन्यात घालायचं नाही. दोन्ही डबे शेजारी ठेवलेले असतात, हा दुकानदारांचा विनोद.

बहुइंधनी इंजिनवाल्यांनी डिपस्टिकवर तेल कमी झालंय का एवढंच न बघता वाढलंय का तेही बघावं. तेल आपोआप वाढत नसतं. वाढलं म्हणजे पंपाच्या सीलमधून डिझेल आत झिरपतंय, आणि तेल पातळ होऊन बेअरिंगची वाट लागायच्या बेतात आहे.

एक मोठा अपवाद : आठ चाकांचा ऑशकॉश हेमट. त्याच्या जुन्या आवृत्तीत डेट्रॉइट डिझेलचं ८व्ही९२टीए आहे, टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनची पिन एका फेरीत क्षणभर सैल होते आणि तेल आत शिरतं. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक वेळी पिस्टन खाली येताना जाळ असतोच. पिनवरचा भार कायम एकाच बाजूने, तेलाला शिरायला फट कमी. म्हणून डेट्रॉइटची पसंती सरळ ४० ग्रेडला, कमी राख सोडणाऱ्या सीएफ-२ दर्जाच्या तेलाला. तिथे '१५डब्ल्यू-४० सगळीकडे चालतं' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आणि कुठलंही नवीन तेल भरण्याआधी जुनं काय सांगतंय ते बघा. हे ट्रक लिलावाआधी मैदानात पावसात-बर्फात वर्षानुवर्षं उभे असतात. अ‍ॅक्सलमधलं तेल पांढरट, दुधाळ चहासारखं निघालं तर पाणी शिरलंय. गिअरबॉक्सच्या तेलाला करपट वास असेल तर क्लच आधीच जळालेत, आणि नवीन तेल हे त्यावरचं औषध नाही. प्लगच्या चुंबकावर राखेसारखी बारीक लुकण चालेल, चिमटीत धरता येईल असा तुकडा मात्र चालणार नाही.

भावाने शेवटी टीईएस-३८९ घेतलं. सिंथेटिक टीईएस-२९५ त्याला महाग वाटलं, कारण दोनदा काढून-भरायचं म्हणजे दुप्पट खर्च. पहिलं भरलं, दोन आठवडे गावातल्या गावात फिरवलं, काढलं. निघालेलं तेल लाल नव्हतं, काळंही नव्हतं, रसनासारखं गढूळ होतं. म्हणजे कन्व्हर्टरमधलं जुनं इंजिन ऑइल त्यात उतरलं होतं. दुसऱ्यांदा भरल्यावर डिपस्टिकवर बऱ्यापैकी लाल दिसलं. उणे २५ च्या खाली पारा गेला तर ट्रक बाहेर काढायचा नाही असं ठरलंय, आणि या बाबतीत अ‍ॅलिसन आणि मावशी यांचं एकमत आहे.

डिपस्टिकच्या नळीला त्याने आता तारेने एक पत्र्याची चकती बांधलीय. त्यावर खिळ्याने तेलाचं नाव आणि तारीख कोरलीय. म्हणजे पुढे हा ट्रक ज्याच्याकडे जाईल तो सकाळी साडेसातला आपल्या भावाला फोन करणार नाही.